गवताचा विसावा

गवताबद्दल आपल्याकडं कुणी फारसं बोलत नाही. ज्वारीबद्दल बोलतील, कापसाबद्दल बोलतील, सोयाबीनचा भाव तर चहाच्या टपरीवर रोज निघतो. गवत मात्र धरून चाललेलं असतं. "त्याला काय, उगवतंच," असं म्हणून मोकळं व्हायचं. ज्याला कुणी पेरलं नाही, खत टाकलं नाही, ज्याची सातबाऱ्यावर नोंद नाही, त्याची विचारपूस कोण करणार? आणि तरीही आमच्या भागात कित्येक घरांची चूल या न पेरलेल्या पिकावर पेटत आली आहे.

आमचं गाव बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यात, बालाघाटच्या डोंगरावर. मांजरा नदी याच तालुक्याच्या डोंगरात उगम पावते आणि पुढं परक्यांची रानं भिजवत जाते. आमच्याकडं राहतो तो मुरूम. जिल्ह्याचा पाऊस सरासरीनं साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास सांगतात, पण सरासरी कागदावर पडते, रानात पडत नाही. एखाद्या साली पाऊस ओढे फोडतो, तर एखाद्या साली पोळा होऊन गेला तरी ढेकूळ विरघळत नाही. अशा जमिनीवर जे हमखास उगवतं ते गवत. पवना, मारवेल, कुसळी, हरळी. म्हशीला पवना आवडतो, बैल मारवेलावर खूश, मेंढरांना हरळी. कुसळी कोवळी असेपर्यंत सगळेच खातात, पण एकदा तिला कुसं आली की जनावर तोंड फिरवतं. ती कुसं ओलीला पीळ घेतात, मेंढीच्या लोकरीत शिरतात, कातडीत रुततात. पवना आणि मारवेल संपत गेले आणि कुसळी वाढत गेली की समजायचं, त्या डोंगराला माणसानं लई ओरबाडलंय.

माझा आजा शिकलेला नव्हता. त्याच्याकडं दोन बैल, एक गाय आणि आठ-दहा एकर हलकी जमीन. तो म्हणायचा, "गवताची रोज दाढी करा, ते काही म्हणत न्हाई. पर त्याचा गळा नका चिरू." लहानपणी मला हे नुसतं बोलणं वाटायचं. पुढं जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर झालो, विज्ञान शिकवायला लागलो, तेव्हा त्या बोलण्याच्या आतलं बियाणं दिसलं.

सहावीच्या पोरांना घेऊन शाळेमागच्या मारवेलावर आम्ही एक साधा प्रयोग करायचो. उलगडत असलेल्या कोवळ्या पानावर शाईनं सारख्या अंतरावर ठिपके द्यायचे आणि चार-पाच दिवसांनी पट्टी लावून मोजायचं. पोरांना वाटायचं, पान शेंड्याकडून लांबलं असेल, म्हणजे वरचे ठिपके एकमेकांपासून लांब गेले असतील. मोजल्यावर दोन ठिपक्यांमधलं अंतर होतं तेवढंच निघायचं. सगळी रांगच वर सरकलेली असायची आणि तिच्या खाली नवं कोरं पान आलेलं असायचं. गवताचं पान बुडातून वाढतं. वाढ होते ती जागा खोडाला लपेटलेल्या आवरणात झाकलेली, जमिनीलगत. पानाचा शेंडा हा त्याचा सगळ्यात म्हातारा भाग. जनावर खातं ते हे म्हातारपण, बाळपण खाली सुरक्षित असतं. तुरीचं तसं नाही. तुरीचा शेंडा खुडला तर बाजूनं फांद्या फुटतात, पण तो शेंडा गेला तो गेला. गवत मात्र तोंड लागणार हे धरूनच घडलेलं आहे. जनावरानं खावं आणि गवतानं पुन्हा यावं, हा त्या दोघांचा जुना सौदा आहे.

पण सौद्याला अट आहे. खाल्लेल्या ठिकाणी पहिलं नवं पान येतं ते मुळाशी आणि बुडाशी साठवलेल्या शिदोरीवर. त्या पानानं ऊन घ्यायचं, अन्न तयार करायचं आणि मोडलेली शिदोरी भरून टाकायची. दोन-तीन पानं नीट उलगडली की उसनं फिटतं. त्याच्या आधीच पुन्हा तोंड लागलं तर गवत परत शिदोरीत हात घालतं. असं तीन-चार वेळा झालं की मुळं आखडतात, ठोंब बारीक होतो आणि पुढच्या मृगात तिथं नुसती माती दिसते. आजा गळा चिरणं म्हणायचा ते हेच.

आता हे उसनं किती दिवसांत फिटतं? इथं ऊन आणि ऊब यांचा हिशेब येतो. पानं किती भराभर निघतात आणि किती जोरानं लांबतात हे मुख्यतः तापमानावर ठरतं. त्यांतून गवताचं अंग किती भरतं, बुडाला फुटवे किती येतात, हे उजेडावर ठरतं. न्यूझीलंडमध्ये के. जे. मिचेल नावाच्या शास्त्रज्ञानं १९५०च्या दशकात कुरणातली गवतं वेगवेगळ्या उजेडात आणि वेगवेगळ्या तापमानात वाढवून हे तपासलं. थंड मुलखातली गवतं वीस-बावीस अंशांच्या आसपास खुशीत असतात. उष्ण मुलखातल्यांना तीस अंश आणि त्याहून जास्त लागतं. आमची मारवेल, पवना, कुसळी सगळी या दुसऱ्या जातीची. पारा पंधराच्या खाली गेला की त्यांची वाढ जवळजवळ थांबते.

आमच्या शेतकऱ्याला हे आकडे माहीत नसतील, पण गोष्ट माहीत आहे. विहिरीला पाणी असलेला माणूस हत्तीघास लावतो. तेच रान, तेच पाणी, तेच खत, पण उन्हाळ्यात जी कापणी दीड महिन्यात येते ती पौषात येत नाही. "थंडीनं आकसलंय," असं तो म्हणतो. म्हणून तर थंडीसाठी तो शेजारच्या वाफ्यात लसूणघास ठेवतो, कारण तो गारव्यात वाढतो.

उजेडाचंही तसंच. बांधावर उघड्या उन्हात आलेलं मारवेल बुटकं, जाड पानांचं, भरपूर फुटव्यांचं असतं. तेच मारवेल दाट बाभळीच्या सावलीत लांब, पातळ आणि लुसलुशीत होतं. बघणाऱ्याला वाटतं, सावलीतलं चांगलं वाढलंय. पण मुठीत धरून कापलं तर बांधावरचं भाऱ्याला येतं आणि सावलीतलं पेंढीलाही पुरत नाही. सावलीतलं गवत उजेड शोधत नुसतं लांबलेलं असतं. फुटवे फुटायला बुडाशी ऊन पोचावं लागतं. आणि याचीच दुसरी बाजू अशी, की गवत कधीच कुणी कापलं नाही, चारलं नाही, तर गेल्या सालचं वाळलेलं पाचट उभं राहतं, बुडाला सावली करतं आणि नवे फुटवे येत नाहीत. म्हणजे नुसत्या तोंडानं गवत मरतं आणि नुसत्या विसाव्यानंही म्हातारं होतं.

भर उन्हाचा आणि भर उष्णतेचा पुरेपूर फायदा घेण्याची या गवतांची जी रीत आहे, तिचा उलगडा १९६६ साली ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला झाला. हॅच आणि स्लॅक अशी त्या दोघा शास्त्रज्ञांची नावं. एका साखर कंपनीच्या प्रयोगशाळेत ते काम करत होते आणि त्यांनी अभ्यासाला घेतलं होतं उसाचं पान. ऊसही गवतच. आमच्या डोंगरावरच्या मारवेलाचा तो मोठ्या घरी दिलेला भाऊ म्हणा. एकाला धरणाचं पाणी, बँकेचं कर्ज, कारखान्याची नोंद. दुसऱ्याला मुरूम आणि मृगाचा भरवसा. आमच्या गावातली निम्मी माणसं दसरा-दिवाळीनंतर या श्रीमंत गवताच्या मागं पश्चिम महाराष्ट्रात जातात, कोयता घेऊन, लेकरं घेऊन, मुकादमाची उचल डोक्यावर घेऊन. सहा महिने एक गवत तोडायचं आणि उरलेले सहा महिने दुसऱ्या गवतावर शेरडं जगवायची, असं त्यांचं वर्ष आहे.

तर ऊब, ऊन आणि ओल या तिन्हींची गाठ आमच्या डोंगरावर वर्षातून एकदाच पडते. चैत्र-वैशाखात ऊन मुबलक, पारा चाळिशीच्या पुढं, पण ओल नाही. पौषात एखाद्या वळचणीला ओल असते, पण ऊब नाही, आणि आमच्याकडचा जूनमधला सव्वातेरा तासांचा दिवस तेव्हा अकरा तासांवर आलेला असतो. मृगापासून उत्तरा-हस्तापर्यंतचे तीन-साडेतीन महिने, त्यातले पावसाच्या खंडाचे दिवस वजा केले तर सत्तर-ऐंशी दिवस, एवढीच गवताची खरी कमाईची वेळ. पुढं दिवस लहान व्हायला लागला की पवना-कुसळी निसवतात, पान थांबतं, काडी ताठ होते आणि सकसपणा उतरतो. गवताला विसावा द्यायचा तर तो याच सत्तर-ऐंशी दिवसांत. वैशाखात डोंगर बंद केला तर त्याचा उपयोग देवळाच्या दाराला रात्री कुलूप लावण्याएवढा.

इथपर्यंतचं सगळं विज्ञान आहे. ते पोरांना शिकवून परीक्षेत मार्क मिळतात. माझ्या मनातला प्रश्न याच्या पुढं सुरू होतो. गवताला विसावा हवा हे खरं, पण तो कुणी द्यायचा?

२०१८ला पाऊस गेला. त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला सरकारनं राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. पुढच्या उन्हाळ्यात आमच्या जिल्ह्यात ठिकठिकाणी चारा छावण्या उभ्या राहिल्या. माणसं जनावरांसोबत तिथंच राहायला गेली. पत्र्याच्या नाहीतर साडीच्या आडोशाला बायका भाकरी थापत आणि समोर दाव्याला बैल उसाचे तुकडे चघळत. गावात म्हातारी माणसं आणि कोंबड्या. छावणी मोठ्या जनावरांची होती. ज्यांच्याकडं नुसती शेरडं होती ती माणसं बोरीबाभळीचा पाला तोडत डोंगर फिरत होती.

छावणी उठली, पुढं पाऊसही झाला, आणि त्यानंतरच्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत गावातल्या काही जाणत्या माणसांनी चराईबंदीचा ठराव मांडला. शेजारच्या, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचं उदाहरण समोर होतं. पोपटराव पवारांच्या गावानं चराईबंदी, कुऱ्हाडबंदी पाळली आणि डोंगर गवतानं भरून आला, हे महाराष्ट्रानं पाहिलं आहे. आपणही पाच वर्षं डोंगर बंद करू, दुष्काळात हात पसरायला नको, असं म्हणणं होतं. त्यात खोट काही नव्हती. ठराव मांडणाऱ्यांपैकी एक-दोघांनी आयुष्यात गावाचं वाईट कधी चिंतलं नव्हतं.

सभेला शंभरेक माणूस असेल. शेवटी, बायकांच्या रांगेतून एक म्हातारी उठली. तिची सून आणि लेक कारखान्यावर, तिच्या अंगावर दोन नातवंडं आणि अकरा शेरडं. जमीन गुंठाभरही नाही. ती सरपंचांकडं न बघता माझ्याकडं बघून म्हणाली, "गुर्जी, तुमी शिकलेलं हाव, तुमीच सांगा. ज्यांची शेरडं हायेत ती समदी कारखान्यावर हायेत. त्यांच्या माघारी डोंगर बंद करायलेत व्हय?"

सभा जरा गप्प झाली. एकजण म्हणाला, "आजी, गावाच्या भल्यासाठीच चाललंय. गवताला इसावा पायजे का नको?"

"पायजे की. पर पावसाळ्यात समद्याच्या रानात पीक आसतंय. बांधाला शेरडू लागलं तर तुमी दगड मारताव. डोंगर बंद, बांध बंद, मंग त्या चार म्हयन्यात माज्या शेरडानं काय माती खायची? गवताला इसावा, अन माज्या पोटाला?" मग खाली बसता बसता म्हणाली, "अन शेरडू पाला ओरबाडतंय. गवत खाती तुमची म्हस."

तिचं शेवटचं वाक्य शाळेच्या पुस्तकातही सापडेल. शेळी मान वर करून खाणारं जनावर आहे. झुडपाचा पाला, बोरीची डिकशी, बाभळीच्या शेंगा हा तिचा पहिला घास. तिच्यामुळं झाडोऱ्याचं नुकसान होतं हे खरं आहे, पण डोंगरावरचं गवत बुडापर्यंत खाण्यात गायीम्हशींचा आणि मेंढरांचा वाटा मोठा. तरी चराईबंदी म्हटलं की बोट पहिलं शेळीकडं जातं, कारण शेळीवाल्याचा आवाज बारीक असतो.

पण मला जास्त टोचला तो तिचा पहिला प्रश्न. गवताला ज्या दिवसांत विसावा हवा, नेमक्या त्याच दिवसांत भूमिहीनाला डोंगराशिवाय दुसरी जागा नसते. दिवाळीनंतर रानं मोकळी होतात, ज्वारीच्या धांड्यांत, कापसाच्या पाल्यात कुणाचीही जनावरं फिरली तरी कुणी फार बोलत नाही. धनगराची मेंढरं तर शेतकरी बोलावून, धान्य देऊन रानात बसवतो. पावसाळ्यात मात्र हद्द कडक होते. म्हणजे सूर्य, पाऊस आणि ऊब यांनी जो हंगाम गवताला वाढायला दिला आहे, त्या हंगामाचा सगळा भार गावातल्या सगळ्यात हलक्या माणसाच्या डोक्यावर येतो. आणि पुढं हिवाळ्यात ते राखलेलं गवत कापायचं तेव्हा ज्याच्या दावणीला जास्त जनावरं, तो जास्त भारे नेणार. उपास एकाचा आणि पारणं दुसऱ्याचं.

गॅरेट हार्डिन नावाच्या अमेरिकन लेखकानं १९६८ साली सामाईक कुरणावर एक लेख लिहिला, जगभर गाजला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की कुरण सगळ्यांचं असलं की प्रत्येकजण एक जनावर जास्त सोडतो आणि शेवटी कुरण मरतं. हे वाचायला खरं वाटतं आणि काही गावांत घडलंही असेल. पण पुढं एलिनॉर ऑस्ट्रम या बाईंनी जगातली कितीतरी गावं, जंगलं, कालवे अभ्यासून १९९०च्या पुस्तकात दाखवलं, की माणसं एकत्र बसून नियम करतात आणि पाळतातही. त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मात्र नियम टिकायला त्यांनी ज्या गोष्टी सांगितल्या त्यांत एक ठळक आहे. ज्यांच्यावर नियम लागू होणार ती माणसं नियम करताना हजर पाहिजेत. आमच्या म्हातारीनं ऑस्ट्रमबाईंचं नावही ऐकलेलं नव्हतं. तिनं तेच विचारलं होतं.

कायद्याच्या पुस्तकात गायरान म्हणजे गावच्या जनावरांना फुकट चरायला राखलेली जमीन. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, तिच्या कलम २२ मध्ये ते आहे. पण मराठवाड्यात गायरानाचा अर्थ एवढ्यावर थांबत नाही. ज्यांना पिढ्यान् पिढ्या जमीन मिळू दिली नाही, त्यांनी पोटासाठी गायरानाचा तुकडा नांगरला. दादासाहेब गायकवाडांचे १९५९ आणि १९६४चे भूमिहीनांचे सत्याग्रह याच भुकेतून उठले. आमच्याच जिल्ह्यात एकनाथ आवाडांच्या मानवी हक्क अभियानानं गायरान कसणाऱ्यांसाठी लढा दिला. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणं नियमित करायचा निर्णय सरकारनं १९९१ साली घेतला. आणि २८ जानेवारी २०११ला सर्वोच्च न्यायालयानं सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढा म्हणून निकाल दिला, त्यातही भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारी आदेशानं दिलेल्या जमिनींचा अपवाद ठेवला. न्यायालयालाही गवत आणि माणूस या दोघांकडं बघावं लागलं. एकाच जमिनीवर दोन खरे हक्क उभे राहतात तेव्हा एक खोटा ठरवून सुटका होत नाही.

त्या २६ जानेवारीला ठराव झाला नाही. पुढं दोन महिन्यांत टाळेबंदी लागली. कारखान्यावरची माणसं हाल सोसत गावी परतली, काही दिवस शाळेत अलग राहिली. ग्रामसभा भरत नव्हत्या. पण मृगाच्या आधी पारावर, तोंडाला रुमाल बांधून, लांब लांब बसून बोलणं झालं. यावेळी कोयतेवाले हजर होते. रात्री उशिरापर्यंत आवाज चढले, उतरले. शेवटी ठरलं ते असं. डोंगराचे तीन वाटे करायचे. दरवर्षी एकच वाटा मृगापासून हस्तापर्यंत बंद, बाकी दोन उघडे. बंद वाट्यातलं गवत विळ्यानं कापायचं आणि उंबऱ्यामागं सारखं वाटायचं, मग त्या घरी दहा म्हशी असोत नाहीतर एक शेरडू. ज्याला नको त्यानं आपला वाटा विकावा. आणि ज्यांची शेतं आहेत त्यांनी पावसाळ्यात बांधावरचं गवत बिनजमिनीवाल्याला कापून नेऊ द्यावं. जनावर आत घालायचं नाही, विळा चालेल.

हे शेवटचं कलम सगळ्यात अवघड गेलं. डोंगर सगळ्यांचा, त्यामुळं डोंगरावर उदार होणं सोपं असतं. बांध आपला असतो. एकजण म्हणाला, "आज गवत नेतील, उद्या कणसं नेतील." त्यावर एक तरणा कोयतेवाला म्हणाला, "तात्या, आमी सहा म्हयने लोकाच्या उसात आसतो. कांडं चोरून कुणी घर बांधलेलं दिसलं का तुमाला?" तात्या हसले. त्यांच्या हसण्यानं ते कलम पास झालं, असं म्हणायला हरकत नाही.

त्यानंतर सगळं गोड झालं असं मी लिहिणार नाही. पहिल्या साली बंद वाट्यात पवना गुडघ्याला लागला. दुसऱ्या साली एका रात्री कुणीतरी म्हशी आत घातल्या. कुणाच्या ते सगळ्यांना माहीत होतं, नाव कुणी घेतलं नाही, आणि ते शेरडंवाल्याचं घर नव्हतं. बांधाचं कलम काहींनी पाळलं, काहींनी नाही. आणखी एक अडचण निघाली, तिचा विचार पारावर कुणीच केलेला नव्हता. गवताचं बी नीट झडल्यावर कापणी व्हावी म्हणजे पुढच्या साली रोपं उठतात. पण मुकादमाची गाडी दसऱ्यानंतर कधीही दारात उभी राहते. कोयतेवाले निघून गेले तर त्यांचा वाटा कोण कापणार? म्हणून कापणी थोडी अलीकडं ओढावी लागते. थोडं बी झडतं, थोडं भाऱ्यात जातं. सूर्याचं पंचांग एक आणि कारखान्याचं दुसरं. मधल्या फटीत आमचा डोंगर.

तरी मला यातून काही धरून ठेवावंसं वाटतं. उद्यासाठी राखणं हा चांगला गुण आहे, पण तो पोट भरलेल्या माणसाला सोपा जातो. भुकेल्याला त्यागाचा उपदेश करायचा असेल तर आधी आपल्या बांधाचं गवत मोकळं करावं. "पुढच्या पिढीसाठी" हे शब्द कानाला बरे लागतात, पण त्या म्हातारीच्या दारात खेळणारी दोन नातवंडंही पुढचीच पिढी आहे, आणि त्यांना दूध आजच्या संध्याकाळी लागतं. उलट, आज भूक आहे म्हणून उद्याचा डोंगर खाऊन टाकायचा हक्क कुणालाच मिळत नाही, भुकेल्यालाही नाही. कारण पवना संपून नुसती कुसळी उरली तर पहिला मार त्यालाच बसतो. म्हशीवाला सरकी-पेंड विकत आणेल. शेरडंवाला काय आणणार?

म्हणून विसावा द्यायचा हे ठरलं की दुसरा प्रश्न लगेच विचारला पाहिजे. तो किती दिवसांचा, कुठल्या वाट्याचा, आणि तेवढे दिवस कुणाचं पोट कुणी सांभाळायचं? पहिल्या दोन गोष्टी ऊन आणि ऊब यांच्याकडून शिकता येतात, त्यांचं वेळापत्रक ठरलेलं आहे. तिसरी गोष्ट सूर्य सांगत नाही. ती पारावर बसूनच ठरवावी लागते, दरसाल नव्यानं, आणि सगळे गावात असताना.